चपला काढून कवितेकडे

भिलारमध्ये कवितेपर्यंत पोचायचं तर आधी कुणाच्या तरी दारात चपला काढाव्या लागतात. मला हे गाव वाचताना सगळ्यात जास्त आवडलेली ओळ हीच.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे निघालं की पाचेक किलोमीटरवर मुख्य रस्ता सोडून आत वळायचं. दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेतं, गादीवाफ्यांवर ताणलेला मल्चिंगचा कागद. 4 मे 2017 रोजी राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने इथल्या 25 ठिकाणी सुमारे 15,000 मराठी पुस्तकं आली आणि चित्रकारांनी गावाच्या भिंती रंगवल्या. पुस्तकांच्या गावाची ही मूळ कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची. तिथल्या रिचर्ड बूथ या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने 1 एप्रिल 1977 ला स्वतःला राजा जाहीर केलं. पुढे वीस वर्षांनी, त्याच तारखेला, लिथुआनियात विल्निअसच्या उझुपिस या कलावंतांच्या मोहल्ल्याने आपलं प्रजासत्ताक घोषित केलं. युरोपातल्या या दोन्ही वेडांचा मुहूर्त एप्रिल फूलचा! आपला मुहूर्त मात्र रीतसर, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. त्यामुळे मला धाकधूक होती, की हे गाव म्हणजे फलकांचं प्रदर्शन निघणार.

भिंतींनी ती धाकधूक थोडी खरीही ठरवली. वाचनालयाच्या भिंतीवर उघडं पुस्तक काढणं म्हणजे भाताच्या ताटावर भाताचं चित्र. काही चित्रं सुरेख आहेत, पण इथल्या पावसापुढे रंगाचं फार चालत नाही.

गंमत उंबऱ्याच्या आत आहे. दारावर साहित्यप्रकाराची पाटी: एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी संतसाहित्य, कुठे बालसाहित्य, कुठे दिवाळी अंक. हे-ऑन-वायमध्ये पुस्तक विकत घ्यायचं असतं. इथे ते तिथेच बसून, फुकट वाचायचं. म्हणजे वाचक गिऱ्हाईक उरत नाही, पाहुणा होतो. आणि पाहुण्याला घर दिसतंच. मी बसलो त्या सोप्यात काचेचं कपाट, शेजारी देव्हारा, त्याखाली फळांचे रिकामे खोके. आत कुकरच्या शिट्ट्या. कथेतला नायक ऐन पेचात असताना तिसरी शिट्टी झाली, आणि मला नायकापेक्षा डाळीची काळजी वाटली. एकट्याने वाचण्याची इतकी सवय झालेल्या माणसाला हा व्यत्यय आधी खुपतो, मग त्याची लय सापडते. आपल्याकडे पोथी अशीच वाचली जायची की, घरच्या आवाजात.

जवळच पाचगणीत शंभरी ओलांडलेल्या इंग्रजी निवासी शाळा आहेत, उंच कुंपणांच्या. आणि इथे मराठीचं दार नुसतं लोटलेलं.

"चहा ठिवू का? वाचा निवांत, कुणी उठवत न्हाई," घरच्या आजी म्हणाल्या आणि सूप घेऊन निवडत समोरच बसल्या. मी पान उलटलं. कोपऱ्यावर अंगठ्याचा फिकट लाल ठसा होता, स्ट्रॉबेरीचा असावा. आधीच्या वाचकाचा की घरातल्याच कुणाचा, विचारणार होतो, पण आजींनी डोळे वर न करता विचारलं, "गोष्ट कुठवर आली?"