तगादा आणि बुडीत खाते : तुकोबांच्या तक्रारीच्या अभंगांविषयी

गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात (१९३३) तुकोबांच्या व्याकूळ अभंगांना ‘आत्म्याची काळरात्र’ ही संज्ञा लावली. ती पुढे इतकी रुळली की आज कीर्तनकारही ती सहज वापरतात. संज्ञा मूळची सोळाव्या शतकातील स्पॅनिश साधू सेंट जॉन ऑफ द क्रॉस याची. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : देव दूर गेला असे वाटते तेव्हाच तो साधकाला आतून शुद्ध करीत असतो, साधकाने धडपड न करता स्वस्थ राहावे. हे स्वस्त सांत्वन नव्हे. जॉनला त्याच्याच पंथबंधूंनी १५७७च्या डिसेंबरपासून सुमारे नऊ महिने तोलेदो येथे कोंडून ठेवले होते. तरीही ही संज्ञा तुकोबांना बसते का, अशी शंका मला आहे.

पहिली अडचण क्रमाची. रात्र म्हटली की पहाट गृहीत धरली जाते. रानडे अभंगांची मांडणी आधी तळमळ, मग साक्षात्कार अशी करतात. पण गाथेतील अभंगांवर तिथी नाहीत. १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेल्या इंदुप्रकाश प्रतीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यांपैकी कोणता आधीचा, कोणता नंतरचा, हे बहुतेक वेळा ठरवता येत नाही. म्हणजे पहाट ही संपादकाची देणगी आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये पत्नी गेल्यावर अनेकांनी मला ‘देव परीक्षा पाहतो’ असे सांगितले. सांगणारे प्रेमाने बोलत होते, पण शेवट ठाऊक असल्यासारखे बोलत होते.

दुसरी अडचण भाषेची आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मी तीस वर्षे गांधीबागेतील एका ठोक कापड दुकानात हिशेब लिहितो, म्हणून असेल कदाचित; पण गाथेतील ठेव, खत, ऋण, भांडवल हे शब्द मला दृष्टांत वाटत नाहीत. तुकोबा वाणी, घरात महाजनकी. १६३०च्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. माणसांकडची येणी अशी सोडून देणारा हा माणूस विठ्ठलाकडचे येणे मात्र सोडत नाही. शेकडो अभंगांत तो त्याला ‘तू’ म्हणून गाठतो, लाज काढतो, दारात बसतो. जॉनचा साधक गप्प राहतो. तुकोबा तगादा लावतात. आणि तगादा कोणाकडे लावायचा, हे बाजारात पोरालाही कळते. ज्याच्याकडून मिळण्याची आशा उरली नाही त्याच्याकडे कोणी माणूस पाठवीत नाही. या अर्थाने तुकोबांची शिवीगाळ हीच त्यांच्या भरवशाची खूण आहे. विठ्ठल दयाळू आहे हे त्यांना अनुभवाने पटलेले नसते तेव्हाही, तो देणे लागतो हे ते धरून चालतात.

येथेच थांबता आले असते. पण गाथेत देवाचे दिवाळे काढणारा अभंग आहे, आणि त्याहून कठीण असा एक, ज्यात ते आपल्या ‘लेखी’ देव मेल्याचे सांगतात आणि बोलणेचालणे तोडतात. प्रवचनकार याला रुसवा म्हणतात. मला ते पटत नाही. रुसलेला माणूस तिरक्या नजरेने पाहत असतो, ‘तू’ सोडत नाही. या अभंगात ‘तू’ जाऊन ‘तो’ आला आहे. आमच्या भाषेत खाते बुडीत टाकले आहे. ‘लेखी’ हा शब्दही हिशेबाचाच.

मग भरवसा कोठे राहिला? माझे उत्तर अभंगाबाहेरचे आहे, हे मान्य करतो. बुडीत खाते वहीतून फाडत नाहीत. आमच्या दुकानात विदर्भातल्या एका व्यापाऱ्याचे १९९८चे येणे बुडीत लिहिले आहे. पान अजून आहे, आणि उद्या तो आला तर रक्कम जमा करायला त्याचेच नाव काढावे लागेल. तुकोबांनी हा अभंगही ‘तुका म्हणे’ अशा मुद्रेने आपल्या नावावर ठेवला. बरे, वारकऱ्यांनीही तो गाळला नाही. ज्या परंपरेने तेरा दिवसांच्या उपोषणानंतर वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्याचे जपले, तिनेच हे पानही जपले. अशी उक्ती पोटात ठेवून पंढरीला चालत जाणाऱ्या समाजाचा विश्वास, रानडे सांगतात त्या एकट्या साधकाच्या चढत्या वाटेपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. त्यावर आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले मला आढळले नाही.

रानड्यांच्या क्रमात अशा अभंगांच्या पुढे उजेडाचे अभंग येतात. गाथेत तसे नाही; त्याच्यानंतर कोणता अभंग यावा, हे प्रतीगणिक बदलते.