बंदीजनांच्या याचिका आणि न्यायपीठांचे वाटप : एक चिकित्सा

प्रस्तावना :
माढा तालुक्यातील एखादा बंदी कारागृहातील मारहाणीविरुद्ध किंवा संचित रजा नाकारल्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागतो, तेव्हा त्याची याचिका कोणत्या न्यायमूर्तींपुढे जाते? १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी मुंबईऐवजी कोल्हापूरचे फिरते खंडपीठ आहे. अंतर कमी झाले. परंतु प्रकरण कोणाकडे जावे, हे पूर्वीप्रमाणेच मुख्य न्यायमूर्तींच्या कार्यवाटपावरून ठरते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा बंदीजनांच्या दृष्टीने विचार केला आहे.

पत्र कोणास लिहावे? :
सुनील बत्रा खटल्याचा (१९८०) उगम एका बंद्याने सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रात आहे. सहबंद्याच्या छळाची ती तक्रार होती. पुढे बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात (१९८४) न्या. पाठक यांनी असे पत्र व्यक्तिशः न्यायमूर्तींना नव्हे, तर न्यायालयास उद्देशून असावे, असे मत मांडले. पक्षकाराने न्यायाधीश निवडू नये, हे तत्त्व योग्यच आहे. एम. सी. मेहता खटल्यात (१९८७) घटनापीठाने मात्र केवळ तेवढ्या कारणावरून पत्र नाकारू नये, असे सांगितले. वकील व साधने नसलेल्या माणसाची अडचण येथे ओळखली गेली.

वाटपाचा अधिकार :
राजस्थान राज्य विरुद्ध प्रकाश चंद (१९९८) या निर्णयाने कार्यवाटप हा मुख्य न्यायमूर्तींचाच अधिकार असल्याचे स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाच्या संदर्भात शांती भूषण खटल्यात (२०१८) हा अधिकार ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे सोपविण्याची मागणी फेटाळण्यात आली. एकाच हाती अधिकार असल्याने शिस्त राहते, हा युक्तिवाद मान्य करता येतो. तथापि, अधिकार कोणाचा या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने तो कोणत्या निकषावर वापरावा, हा प्रश्न सुटत नाही. विषयवार वाटप प्रसिद्ध होते; त्यामागील कारणे होत नाहीत. वाटप बदलले की अपूर्ण प्रकरणे बहुधा नव्या पीठाकडे जातात. इतर पक्षकारास हा विलंब असतो. रजेचे प्रयोजनच संपून जाणाऱ्या बंद्यास तो नकार ठरतो.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात कारागृहातील परिस्थितीविषयीच्या याचिका मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांकडे शिफारशीसाठी सोपविण्याची तरतूद आहे. अंतिम निर्णय जिल्हा न्यायाधीश देतात. या पद्धतीत बंद्यांचे दावे दुय्यम समजले जाण्याचा धोका आहे; पण सोपवणुकीचा आधार निदान कायद्यात लिहिलेला आहे.

मुंबईतील एक दाखला :
आपल्याकडेही असा दाखला आहे. शीला बरसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) या प्रकरणात पत्रकार बरसे यांनी मुंबईतील कारागृहात पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. पैकी पाच जणींनी कोठडीतील मारहाण सांगितली. न्यायालयाने आदेश दिला की, शहर दिवाणी न्यायालयाच्या प्रधान न्यायाधीशांनी एका सत्र न्यायाधीशांची, शक्यतो स्त्री न्यायाधीशांची, नेमणूक करावी आणि त्यांनी पोलीस कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. येथे नेमणारा कोण, नेमायचे कोणास आणि कशासाठी, हे तिन्ही लिखित आहे. मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकारास बाध न आणता उच्च न्यायालयातही हे शक्य आहे.

समारोप :
बंद्यास न्यायाधीश निवडण्याचा हक्क नसावा. परंतु निवड कोणत्या नियमाने झाली, हे जाणण्याचा हक्क असावा. वाटपाचे निकष लिखित असावेत आणि सुनावणी सुरू झालेले प्रकरण आदेशाची अंमलबजावणी होईपर्यंत शक्यतो त्याच पीठाकडे राहावे. कोल्हापूरचे खंडपीठ नवे आहे. प्रथा रूढ होण्याआधी नियम करणे तेथे अधिक सोपे आहे.