घनता वाढली, म्हणजे हाड वाचलं का?

'टेस्टोस्टेरॉन कमी झालं की हाडं विरळ होतात, मग ते बाहेरून दिलं की हाडं मजबूत होणारच.' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल आज दोन शोधनिबंध शेजारी ठेवून बोलू.

पहिला २०१७ चा, 'जामा इंटर्नल मेडिसिन'मधला. वय ६५ च्या पुढे, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी, असे २११ पुरुष. काहींना टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं, काहींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. वर्षभराने सीटी स्कॅन केला, तर कंबरेच्या मणक्यातल्या जाळीदार हाडाची घनता जेलवाल्यांत ७.५ टक्के वाढलेली, दुसऱ्या गटात फक्त ०.८ टक्के. आकडा देखणा आहे, आणि लोकांनी तो उचललाही.

दुसरा जानेवारी २०२४ चा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधला. यात ५,२०४ पुरुष आणि साधारण तीन वर्षांचा पाठपुरावा. इथे घनता नाही, मोडलेली हाडं मोजली. जेलवाल्यांत ३.५ टक्के पुरुषांना फ्रॅक्चर झालं, दुसऱ्या गटात २.४६ टक्के. म्हणजे औषध घेणाऱ्यांत फ्रॅक्चर जास्त!

गंमत बघा, दोन्ही निबंधांचे पहिले लेखक एकच आहेत, पीटर स्नायडर. फ्रॅक्चर खरंच कमी होतात का हे ठरवायला मोठा आणि लांब अभ्यास हवा, असं २०१७ च्या निष्कर्षातच लिहिलं होतं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. ते वाक्य गाळून फक्त ७.५ टक्के सांगत सुटलेल्यांबद्दल आहे.

घनता हा मधला आकडा आहे. हाड मोडणं यात घनतेबरोबर हाडाची रचना येते, तोल येतो, तुम्ही किती आणि कसे पडता तेही येतं. हा धडा नवा नाही. १९९० मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना सोडियम फ्लोराइड देऊन पाहिलं. चार वर्षांत कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणक्यांची फ्रॅक्चर्स लक्षणीय कमी झाली नाहीत आणि इतर हाडांची उलट वाढली.

शिवाय 'पुरुषी हार्मोन' हे नावच थोडं फसवं आहे. शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि पुरुषांच्या हाडांचं बरंचसं काम तोच करतो. १९९४ मध्ये नोंदला गेलेला २८ वर्षांचा एक पुरुष आठवा: टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, उंची २०४ सेंटिमीटर, तरी हाडं विरळ आणि वाढ अजून चालूच. त्याच्या शरीरातला इस्ट्रोजेनचा ग्राहक-रेणू बिघडलेला होता.

पण उलट बाजूनेही घाई नको. २०२४ चा अभ्यास मुळात हृदयविकाराचा धोका तपासायला आखला होता. त्यातले पुरुष हाडं ठिसूळ आहेत म्हणून निवडलेले नव्हते, आणि निम्म्याहून जास्त जणांनी औषध मध्येच सोडलं. फ्रॅक्चर का वाढली, हेही त्यातून कळत नाही. फरक आहे तो तीन वर्षांत शंभरात साधारण एकाचा. त्यामुळे 'टेस्टोस्टेरॉन हाडं मोडतं' असा मथळा करणं म्हणजे तीच चूक दुसऱ्या दिशेने करणं. आणि वृषणांच्या किंवा पिट्यूटरीच्या आजारामुळे ज्यांना हे औषध दिलंय, त्यांनी हे वाचून ते परस्पर बंद करू नये.

पण वडिलांच्या रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन जरा कमी आलंय आणि कुणी 'हाडांसाठी' जेल सुचवतंय, तर एकच प्रश्न विचारा: याने घनता वाढेल, की फ्रॅक्चर टळेल? उत्तर पहिल्याचंच मिळालं, तर हाडांसाठीच तपासलेली दुसरी औषधं कोणती, हे पुढे विचारा.