क्लॅशचा ठेका कुठे चुकला?

'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडवर लिहायला बसलेला माणूस हमखास गायक जो स्ट्रमरपासून सुरुवात करतो. साहजिक आहे. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म अंकाराचा, शिक्षण बोर्डिंग शाळेत आणि गाणी बेकारीची, दंगलींची. या विसंगतीवर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. माझ्यासारख्या जुन्या चाहत्याला मात्र आता वाटतं, की या बँडचं सारं बरंवाईट ठरवलं ते स्ट्रमरच्या पाठीमागे बसलेल्या ड्रमर टॉपर हेडनने.

1977 च्या पहिल्या अल्बममध्ये तो नव्हता. ड्रम्सवर होता टेरी चाइम्स, आणि तो बँड सोडून निघालेला असल्यामुळे कव्हरवर त्याचं नाव खवचटपणे 'टोरी क्राइम्स' असं छापलं गेलं. अल्बम अस्सल पंक आहे: घाईतला, चिडलेला, दोन-अडीच मिनिटांत गाणं उरकणारा. त्यातच ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं 'पोलिस अँड थीव्ज' सहा मिनिटं चालतं. या मुलांना कुठे जायचंय ते तिथेच कळतं. फक्त तिथवर नेणारा वादक हवा होता.

तो हेडनच्या रूपाने मिळाला. जॅझ, सोल, फंक, काहीही समोर टाका, गडी तयार. डिसेंबर 1979 मधला 'लंडन कॉलिंग' हा दुहेरी अल्बम (एका अल्बमच्या किमतीत विकलेला!) रॉकॅबिली, स्का, रेगे अशा गल्ल्यांतून बिनदिक्कत फिरतो तो त्याच्या जिवावर. बास गिटार आपटणाऱ्या पॉल सिमोननचा पेनी स्मिथने काढलेला फोटो सर्वांना पाठ आहे. त्याबद्दल पुन्हा काय सांगायचं. वर्षभराने आलेला 'सँडिनिस्ता!' तीन तबकड्यांचा, 36 गाण्यांचा. किंमत कमी राहावी म्हणून बँडने पहिल्या दोन लाख प्रतींचं मानधन सोडलं. औदार्य मोठं, पण कात्री लावायला कोणीतरी हवं होतं. सहावी बाजू मी आजही क्वचितच लावतो.

आणि मग 'रॉक द कॅसबा'. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत बाकीचे पोचायच्या आत हेडनने ड्रम्स वाजवले, त्यावर पियानो चढवला, मग बासही स्वतःच वाजवला. गाण्याचा सांगाडा एकट्याने उभा केला. अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलेलं क्लॅशचं हे एकमेव गाणं. पण मे 1982 मध्ये, हे गाणं असलेला 'कॉम्बॅट रॉक' हा अल्बम बाजारात येता येताच, हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला काढून टाकलं. व्यसन खरं होतं, त्याचा जाचही खरा होता. तरी या गाण्याचा व्हिडिओ पाहा: ड्रम्सवर बसलाय परत बोलावलेला टेरी चाइम्स! ज्याने गाणं रचलं तो चित्रातच नाही. ढोलकीवाल्याला हाकलून फड चालवण्याचा हा प्रकार.

पुढे उतरणच होती. 1983 मध्ये गिटारवादक मिक जोन्सलाही काढलं. 1985 च्या 'कट द क्रॅप' या अल्बमवर बहुतेक ठिकाणी ड्रम मशीन वाजतं. हेडनला घालवलं तिथूनच शेवट सुरू झाला, हे स्ट्रमरने नंतर कबूल केलं. 1986 मध्ये बँड संपला. 2002 मध्ये हृदयातल्या जन्मजात दोषाने स्ट्रमर गेला, अवघ्या पन्नाशीत.

आपल्याकडच्या अनेकांनी क्लॅश नकळत ऐकलाय. गायिका एम.आय.ए.च्या 'पेपर प्लेन्स' या गाण्याची सुरावट क्लॅशच्या 'स्ट्रेट टू हेल'मधून उचललेली आहे, आणि 'स्लमडॉग मिलियनेर'मध्ये मुंबईच्या झोपडपट्टीतून निघालेल्या दोन भावांच्या रेल्वेतल्या भटकंतीवर ती वाजते. मूळ गाण्यात ऐकण्यासारखा आहे तो हेडनचा बोसा नोवाच्या अंगाचा ठेका.

नव्याने ऐकणाऱ्यांनी 'लंडन कॉलिंग'पासून सुरुवात करावी आणि पहिल्या खेपेला शब्द सोडून फक्त ड्रम्सकडे कान द्यावा. 'कट द क्रॅप'वर पैसे घालवू नयेत.