बेणारेबाईंचा पेशा

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची चर्चा बहुधा स्त्रीवरील अन्याय या अंगाने होत आली आहे. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले व सुलभा देशपांडे यांनी लीला बेणारे उभी केली, तेव्हापासून हा अर्थ रूढ आहे. तो चुकीचा नव्हे. परंतु बेणारे शाळेतील शिक्षिका आहे, ही गोष्ट त्यात दुय्यम ठरते. वस्तुतः नाटकाचा पेच तिच्या पेशातच आहे.

खेळातल्या खटल्याला बाहेर काय किंमत, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर नाटकातच आहे. अविवाहित गरोदर शिक्षिकेला काढून टाकण्याविषयी शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचे दूरध्वनीवरील बोलणे काशीकर साक्षीत सांगतात, आणि तेथे खेळ व व्यवहार यांतील भिंत ढासळते. अभिरूप न्यायालयाला जी शिक्षा देता येत नाही, ती संस्था देते.

प्राध्यापक दामले हेही शिक्षकच. परंतु ते रंगमंचावर येतच नाहीत आणि त्यांच्या नोकरीवर आच येत नाही. एकाच संबंधातील दोन शिक्षकांपैकी एकाच्या शीलाची चौकशी होते, दुसऱ्याच्या शीलाचा प्रश्नच उद्भवत नाही. शिक्षकाचे शील म्हणजे व्यवहारात शिक्षिकेचे शील, असा हा अलिखित नियम होय. अखेरच्या स्वगतात बेणारे आपले दुःख मुलांपर्यंत पोचू न दिल्याचा दाखला देते. म्हणजे बचावासाठीही तिला अध्यापनाचाच आधार घ्यावा लागतो.

तथापि पुरुषाला मिळणारे हे अभय बिनशर्त नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या घरात फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरे घेऊन माणसे शिरली. समलिंगी संबंधावरून त्यांना निलंबित करण्यात आले. एप्रिलच्या आरंभी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली आणि काही दिवसांतच ते मृतावस्थेत आढळले. दामले सुटतात ते केवळ पुरुष म्हणून नव्हे, तर समाजमान्य पौरुषाच्या चौकटीत राहिलेले पुरुष म्हणून. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. परंतु बेणारेने तरी कोणता कायदा मोडला होता? तिला पायउतार करणारी सत्ता कायद्याची नव्हती, प्रतिष्ठेची होती. म्हणूनच हे नाटक शिक्षणसंस्थांना आजही विचारात टाकणारे आहे.