दिसणे आणि ओळखणे

पचनसंस्थेच्या तक्त्यावर आंत्रपुच्छ शेपटीसारखे लोंबत असते. वर्गात त्याविषयी बहुधा दोन वाक्ये सांगितली जातात : ते अवशेषांग आहे, आणि ते सुजले की अपेंडिसायटिस होतो. अलीकडे तिसरे वाक्य जोडले जाते : 'आता दुर्बीण घालून आतले सगळे दिसते.' माझा आक्षेप या तिसऱ्या वाक्याला आहे.

कोलोनोस्कोप म्हणजे साधारण बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी. गुदद्वारातून शिरून सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे ओलांडत ती सीकम या आरंभाच्या पिशवीपर्यंत पोचते. तेथे आंत्रपुच्छाचे तोंड दिसते, फक्त तोंड. आतली पोकळी जेमतेम काही मिलिमीटरांची, त्यामुळे ही नळी तिच्यात शिरत नाही. डॉक्टर पाहतात तो उंबरठा. घरात काय चालले आहे ते ताडावे लागते.

म्यूकोसील या दुर्मीळ विकाराचे उदाहरण घ्या. यात आंत्रपुच्छ श्लेष्मा साचून फुगते. रोकिटान्स्की यांनी 1842 साली त्याचे वर्णन केले होते. दुर्बिणीतून कधी गुळगुळीत उंचवटा आणि त्याच्या मधोमध आंत्रपुच्छाचे तोंड दिसते. या दृश्याला 'ज्वालामुखीची खूण' म्हणतात. पण वरच्या अस्तराचा तुकडा तपासला तर तो निर्दोष निघू शकतो, कारण विकार अस्तराखाली असतो. तुकडा चांगला म्हणून रोग नाही, हा निष्कर्ष येथे चुकतो. फुगलेले आंत्रपुच्छ फुटले तर आतला चिकट पदार्थ पोटात पसरू शकतो. म्हणून ते न फोडता अखंड काढावे लागते.

दुसऱ्या विकारात आंत्रपुच्छ उलटे होऊन सीकममध्ये शिरते. कॉलिन्स यांनी 71,000 आंत्रपुच्छे तपासून 1963 साली मांडलेल्या अहवालात याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे एक होते. हा विकार वर्गात दाखवता येतो. रबरी हातमोज्याचे एक बोट बाहेरून आत ढकला आणि मनगटाच्या बाजूने डोकावा. जिथे भोक असायला हवे तिथे कोंब उभा दिसेल! आतड्यात हाच कोंब पॉलिपसारखा दिसतो. पॉलिप तारेच्या फासाने कापून काढतात. पण येथे फास टाकला तर कापला जाईल तो पॉलिप नव्हे, आतड्याचीच भिंत. मग भोक पडून पोटात जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका. म्हणून त्या जागी आंत्रपुच्छाचे नेहमीचे तोंड दिसते का, हे आधी शोधायचे असते. ते दिसत नसेल तर हात आवरायचा.

तिसरे उदाहरण उलट टोकाचे. आंत्रपुच्छातल्या कार्सिनॉइड गाठी बहुतेक वेळा त्याच्या शेंड्याला असतात. उंबरठ्यावरून शेंडा कसा दिसणार? तपासणीत काही न आढळणे म्हणजे काही नसणे नव्हे. म्हणूनच सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅनची जोड लागते, आणि पुष्कळदा खरे निदान शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच पक्के होते.

यात दुर्बिणीचा दोष नाही. ती किती पाहू शकते हे न सांगणाऱ्या आपल्या वाक्याचा आहे. साधनाची मर्यादा सांगितली नाही, तर विज्ञान शिकवताना आपण चमत्कारच शिकवत असतो. तेव्हा वाक्य असे बदलू या : 'दुर्बिणीतून आंत्रपुच्छाचे तोंड दिसते, पुढचे पुराव्यांची सांगड घालून ठरवावे लागते.' आणि मुलांना विचारू या : आणखी कोणता पुरावा मिळाला तर तुमची खात्री पटेल?