'योद्धा' : एका गौरवशब्दाची चिकित्सा

गौरव हा न्यायाचा सोबती असतोच असे नाही. पुष्कळदा न्याय टाळण्यासाठीच गौरव केला जातो. कोरोनाच्या साथीत आरोग्य कर्मचाऱ्यांना बहाल केलेला 'योद्धा' हा शब्द या दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या. बरोबर एक महिन्याने, २२ एप्रिलला, याच कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश काढावा लागला. टाळी वाजवणारा समाज आणि परिचारिकेला घर सोडायला सांगणारा समाज एकच होता. विटाळाचा सराव ज्याच्या हाडीमासी आहे, त्याला रोगाचे निमित्त पुरले. रुग्णालयातली घाण उपसण्याचे आणि प्रेत उचलण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

वाशीम जिल्ह्याचेच पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. त्याच महिन्यात, २३ तारखेला, निर्बंध असतानाही मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला हजारोंची गर्दी जमली. गर्दी पांगली, नमुने घेणे, दारोदार फिरून ताप विचारणे, लोकांचा राग झेलणे मात्र कर्मचाऱ्यांच्या वाट्याला उरले. आणि रात्री घराच्या उंबऱ्यावर एकच प्रश्न : आपल्यामुळे आपले लेकरू आजारी पडेल काय? हा प्रश्न माणसाचा आहे. योद्ध्याला तो विचारण्याची मुभा नसते. योद्ध्याने भ्यायचे नाही, मेलेल्या रुग्णासाठी रडायचे नाही आणि मोबदला तर मागायचाच नाही.

आशाताईने तो मागितला. सरकारदरबारी ती कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका'. म्हणून तिला वेतन नाही, मानधन आहे. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता पदरात पडला. तिच्या मनावरच्या ओझ्याला 'ताण' म्हणून समुपदेशन सुचवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हे ओझे केवळ मनातून उपजलेले नाही. ते अपुऱ्या माणसांतून, कंत्राटी नेमणुकीतून आणि बहिष्कारातून आले आहे.

कुणी येथे सावित्रीबाईंचा दाखला देईल. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पण डॉक्टर असलेल्या यशवंताच्या दवाखान्यातून चाललेली ती सेवा माणसामाणसातला भेद मोडणारी होती. तिचा फोटो लावून आशाताईकडून फुकट त्यागाची अपेक्षा करणे ही सावित्रीबाईंचीच विटंबना होय.

प्रस्थापित मराठी साहित्याने टाळेबंदीतला एकांत पुष्कळ गायिला. ज्यांना एकांतच मिळाला नाही, त्यांचे काय? १९७८ च्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनाने मराठीला शिकवले की वेदना भोगणाऱ्यानेच तिचे नाव ठेवावे. मंगरूळपीर, कारंजा, मालेगावच्या परिचारिकेने, सफाई कामगाराने, आशाताईने आपल्या वऱ्हाडी बोलीत ते नाव ठेवले पाहिजे. आपल्यातील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्यापाशी बसावे, ऐकावे, लिहून घ्यावे. त्या लेखनात 'योद्धा' हा शब्द बहुधा कुठेच येणार नाही. थकवा येईल, भीती येईल, थकलेल्या मानधनाचा हिशेबही येईल. साथीचा खरा इतिहास तोच असेल.